गिरणी, दोन संसार आणि कलम ४

आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हियाच्या उत्तरेला, शुम्पेर्क शहराच्या जवळ ब्लुडोव्ह नावाचं गाव आहे. तिथल्या गिरणीचा मालक हुबर्ट हाबरमान मे १९४५ मध्ये मारला गेला. युद्ध संपत आलं होतं, जर्मन सत्ता कोसळली होती आणि गिरणीवाला जर्मन होता. या घटनेवर योसेफ उर्बान यांनी कादंबरी लिहिली आणि कादंबरीवरून युराय हेर्झ यांनी २०१० मध्ये 'हाबरमानची गिरणी' हा चित्रपट केला. पडद्यावर हुबर्टचा ऑगस्ट झाला, त्याचा संसार पटकथेच्या गरजेप्रमाणे रचला गेला. मी इथे लिहितोय तो पडद्यावरच्या ऑगस्टच्या संसाराबद्दल, ब्लुडोव्हच्या हुबर्टबद्दल नाही. कायदे, तारखा आणि आकडे मात्र इतिहासातले आहेत. आणि या कायद्यांच्या उजेडात तो संसार पाहिला की चित्रपटाने जे जेमतेम सुचवलंय तेच मला सगळ्यात मोठं वाटू लागतं.

प्रकरणातली माणसं आधी सांगतो. ऑगस्ट हाबरमान (मार्क वाश्के) सुडेटनलँडमधला, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच्या जर्मनबहुल सीमापट्ट्यातला जर्मन, पिढीजात गिरणीमालक. त्याच्या हाताखाली जर्मनही आहेत, चेकही आहेत. त्याची बायको याना (हाना हेर्झस्प्रुंग) चेक, मठाच्या अनाथालयात वाढलेली. ऑगस्टचा जिवलग मित्र कारेल ब्रेझिना (कारेल रोडेन) चेक, आणि त्याची बायको मार्था जर्मन. म्हणजे एकाच गावात, एकाच मैत्रीत, दोन मिश्र संसार आणि दोन्हींची मांडणी एकमेकांच्या उलट. एका घरात नवरा जर्मन, बायको चेक. दुसऱ्या घरात नवरा चेक, बायको जर्मन.

पहिल्यांदा चित्रपट पाहिला तेव्हा मी गिरणीवाल्याच्या शोकांतिकेत अडकलो होतो. दुसऱ्यांदा पाहताना नजर मार्थाकडे गेली आणि तिथेच राहिली. या दोन बायकांचं कायद्याने पुढे काय केलं असतं, असा प्रश्न पडला आणि कागद वाचायला घेतले.

लग्न झालं तेव्हा

१९३० च्या जनगणनेत चेकोस्लोव्हाकियात सुमारे ३२ लाख जर्मन होते. यातले बहुतेक सीमेलगतच्या पट्ट्यात, ज्याला पुढे सगळे सरसकट सुडेटनलँड म्हणू लागले. राष्ट्रीयत्व नोंदवायचं ते मुख्यतः मातृभाषेवरून. म्हणजे गणना करणारा दारात आला की एका घरातल्या नवऱ्यापुढे 'जर्मन' आणि बायकोपुढे 'चेक' असं लिहून जात असे. त्या नोंदीला तेव्हा फारसं वजन नव्हतं. दोघंही एकाच प्रजासत्ताकाचे नागरिक. याना ऑगस्टशी लग्न करते किंवा मार्था कारेलशी करते तेव्हा नागरिकत्वात कुणाच्याच काही बदल होत नाही. चर्चमध्ये दोन भाषांत शुभेच्छा दिल्या जातात एवढंच.

हवा बदलली होती हे खरं. मे १९३५ च्या निवडणुकीत कोनराड हेनलाइनच्या, नात्सींकडे झुकलेल्या सुडेटन जर्मन पक्षाला देशातल्या कुठल्याही पक्षापेक्षा जास्त मतं पडली. ऑगस्टचा धाकटा भाऊ हान्स याच लाटेवरचा पोरगा आहे. पण घरात एखादा असा पोरगा असणं आणि सगळं घर तसं असणं यात अंतर असतं, आणि तेच अंतर १९४५ मध्ये कुणी मोजायला तयार होणार नव्हतं.

म्युनिकनंतर

२९-३० सप्टेंबर १९३८ ला म्युनिकमध्ये चार सत्तांनी सीमापट्टा जर्मनीला देण्याचा करार केला. १ ते १० ऑक्टोबर या दहा दिवसांत जर्मन सैन्याने सीमापट्टा ताब्यात घेतला. मग २० नोव्हेंबर १९३८ ला बर्लिनमध्ये नागरिकत्वाचा वेगळा करार झाला. त्याची भाषा वाचताना मला थांबावं लागलं. जो १ जानेवारी १९१० पूर्वी या भागात जन्मला आणि १० ऑक्टोबर १९३८ ला इथे राहत होता, तो जर्मन नागरिक. त्याची मुलं, नातवंडं जर्मन नागरिक. आणि अशा माणसाची बायको, तीही जर्मन नागरिक.

बायको काय बोलते, कुठे वाढली, तिला काय हवंय, हे विचारलेलंच नाही. यानाला रात्रीत जर्मन राइशचं नागरिकत्व मिळालं ते नवऱ्याच्या कोटाच्या खिशातून.

याच करारात आणखी एक पेच आहे. कसोटी जन्मस्थळाची असल्यामुळे त्या भागात १९१० पूर्वी जन्मलेले चेक लोकसुद्धा कागदावर जर्मन नागरिक ठरले. कारेल ब्रेझिना तिथलाच, त्या वयाचा असेल तर तोही. अशा चेकांना एक वाट ठेवली होती: २९ मार्च १९३९ पर्यंत चेकोस्लोव्हाक नागरिकत्व निवडण्याची. पण १५ मार्चला जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं आणि दुसऱ्या दिवशी बोहेमिया-मोराव्हिया 'संरक्षित प्रदेश' झाला. निवड करायची मुदत बाकी होती, निवडायचा देश उरला नव्हता.

म्हणजे १९३९ च्या वसंतात या चौघांची स्थिती पाहा. चौघंही एकाच राज्याचे कागदोपत्री नागरिक, जे राज्य त्यांच्यातल्या दोघांना खालच्या वंशाचं समजतं.

यानाचं गुपित

त्या दोघांपैकी यानाची गोष्ट आणखी गुंतलेली आहे. ती अर्धी ज्यू आहे आणि मठात वाढल्यामुळे हे तिला स्वतःलाही ठाऊक नाही. गावातल्या मोजक्या माणसांना ठाऊक आहे.

नात्सींच्या वंशविषयक न्यूरेंबर्ग कायद्यांच्या नोव्हेंबर १९३५ च्या नियमावलीप्रमाणे दोन ज्यू आजी-आजोबा असलेली, पण ज्यू धर्मसमाजात नोंद नसलेली आणि ज्यू माणसाशी लग्न न केलेली व्यक्ती 'पहिल्या दर्जाची संकरित' ठरत असे. शब्द जनावरांच्या पैदाशीतला आहे आणि तो मुद्दामच तसा होता. नियमाच्या काटेकोर अर्थाने याना या वर्गात बसते, तिची मुलगी 'दुसऱ्या दर्जात'. आधीच झालेलं लग्न त्या नियमाने मोडत नव्हतं. तेव्हा कागदावर ती वाचते. पण जिथे नात्सींच्या एसएस दलाचा अधिकारी, श्टुर्मबानफ्यूरर कोझलोव्स्की (बेन बेकर) गावाचा धनी होऊन बसलाय, तिथे कागद काय म्हणतो याला किंमत किती? कोझलोव्स्कीला नियमाचं कलम लागत नाही, त्याला ऑगस्टच्या गळ्यात अडकवायला दोरी हवी आहे. यानाचा जन्मदाखला हीच ती दोरी.

चित्रपटातला सगळ्यात अवघड प्रसंग याच्या जोडीने येतो. जर्मन सैनिक मारले जातात आणि बदल्यात चेक माणसांना गोळ्या घालायच्या असतात. कोझलोव्स्की ऑगस्टला सांगतो की माणसं तू निवड. जून १९४२ मध्ये बोहेमिया-मोराव्हियाचा नात्सी कारभारी हायड्रिख याच्या हत्येच्या सूडापोटी लिडित्से गावातल्या १७३ पुरुषांना एका दिवसात गोळ्या घातल्या गेल्या. ज्याने हे नाव ऐकलंय त्या प्रेक्षकाला ही धमकी पोकळ वाटत नाही. इथे कोझलोव्स्की जे करतो ते नुसत्या खुनापेक्षा खोल आहे. तो नावांच्या यादीखाली गिरणीवाल्याचं अक्षर मागतो. पुढे कुणीही विचारलं तर यादी जर्मन मालकाने केली, हेच गावाच्या लक्षात राहणार. ऑगस्टने किती नावं वाचवण्याची धडपड केली याची नोंद कुठेच होणार नाही, कारण वाचलेल्यांची यादी करत नाहीत.

मे १९४५

चित्रपट सुरूच होतो मे १९४५ मध्ये, हाकलल्या जाणाऱ्या जर्मनांच्या गर्दीत, आणि मग मागे जातो. त्यामुळे लग्नाचे हसरे प्रसंग पाहताना शेवट आपल्याला ठाऊक असतो. शेवटी जमाव गिरणीवर चालून येतो आणि ऑगस्ट मरतो. त्याच्यावर हात उचलणाऱ्यांत कालपर्यंत त्याच्या गिरणीचं अन्न खाणारेही आहेत.

त्या आठवड्यांत सीमापट्ट्यात काय चाललं होतं हे थोडं सांगायला हवं. जर्मनांना दंडावर पांढरी फीत बांधावी लागे, तिच्यावर 'एन' हे अक्षर. 'नेमेत्स' म्हणजे चेकमध्ये जर्मन. पोस्टोलोप्रटी गावाजवळ १९४७ मध्ये सामूहिक कबरी उकरल्या तेव्हा ७६३ प्रेतं निघाली. जर्मन आणि चेक इतिहासकारांच्या संयुक्त आयोगाने १९९६ मध्ये हकालपट्टीतल्या बळींचा आकडा १५,००० ते ३०,००० असा धरला. या सगळ्याच्या आधीची सहा वर्षंही विसरून चालत नाही. लिडित्से, फाशी, छळछावण्या, त्यात संपलेला चेक ज्यू समाज. जमाव रिकाम्या मनाने गिरणीवर आला नव्हता.

मग कायदा जमावाच्या मागून आला. ८ मे १९४६ च्या कायदा क्रमांक ११५ ने ठरवलं की ३० सप्टेंबर १९३८ ते २८ ऑक्टोबर १९४५ या काळात स्वातंत्र्याच्या लढ्यासाठी किंवा शत्रूच्या कृत्यांच्या 'न्याय्य प्रतिशोधासाठी' केलेलं कृत्य बेकायदा धरलं जाणार नाही, एरवी तो गुन्हा असला तरी. शब्द 'न्याय्य' असा आहे, तेव्हा तिजोरी फोडायला आलेल्याला तो लागू व्हायला नको. पण तिजोरीसाठी आलेला आणि मेलेल्या भावासाठी आलेला हे एकाच जमावात उभे असतात, आणि चित्रपटाने हे स्वच्छ दाखवलंय. घरातल्या वस्तूंवर नजर ठेवूनच काही हात उगारले जातात.

कलम ४

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तिथे येतो.

२ ऑगस्ट १९४५ ला राष्ट्राध्यक्ष एडवर्ड बेनेश यांनी हुकूमनामा क्रमांक ३३ काढला. जर्मन आणि हंगेरियन राष्ट्रीयत्वाच्या ज्या लोकांना परकीय अमलात जर्मन किंवा हंगेरियन नागरिकत्व मिळालं, त्यांचं चेकोस्लोव्हाक नागरिकत्व ते मिळालं त्याच दिवसापासून गेलं. म्हणजे सुडेटनलँडपुरतं १० ऑक्टोबर १९३८ पासून. मे १९४५ मध्ये मरताना ऑगस्ट त्याच्या देशाच्या दृष्टीने नागरिकच होता, कारण म्युनिक करार त्या देशाने अमान्य ठरवला होता. तीन महिन्यांनी हुकूमनाम्याने मागे जाऊन सांगितलं की हा माणूस सात वर्षं परकाच होता.

तो जगला असता तर वाट होती का? होती, कलम २ मध्ये. प्रजासत्ताकाशी एकनिष्ठ राहिला, चेक आणि स्लोव्हाक राष्ट्रांविरुद्ध कधी काही केलं नाही, आणि शिवाय एक तर मुक्तिलढ्यात प्रत्यक्ष भाग घेतला किंवा नात्सी दहशतीचा जाच सोसला, हे सगळं ज्याला दाखवता येईल त्याचं नागरिकत्व राहणार. ऑगस्टला या कसोटीवर उभं करून पाहा. गिरणी युद्धभर चालू होती. बंदूक त्याने हातात घेतली नाही. तो छावणीत गेला नाही. त्याने लोकांना पाठीशी घातलं, पण पाठीशी घालणं गुपचूप होतं, कारण उघड केलं असतं तर ते साधलंच नसतं. आणि यादीवर अक्षर त्याचं. जिल्हा समितीपुढे साक्षीला कोण उभं राहणार? या माणसासाठी अर्जात रकानाच नाही. शौर्य आणि यातना या दोन्हींच्या मधे जी पुष्कळ माणसं जगली, त्यांना हुकूमनामा ओळखत नाही.

आणि यानाचं काय? कलम ४ चा पहिला भाग म्हणतो की विवाहित स्त्रिया आणि अज्ञान मुलं यांचा विचार स्वतंत्रपणे करायचा. १९३८ च्या कराराने तिला नवऱ्याच्या शेपटाला बांधलं होतं, इथे ती सुटी होते. ती राष्ट्रीयत्वाने चेक, तेव्हा तिचं नागरिकत्व जायला नको. हे वाचून मला बरं वाटलं होतं. मग मुलीचा विचार आला. बाप जर्मन, आडनाव हाबरमान, जन्म राइशमध्ये. तिचा 'स्वतंत्र' विचार कशावरून करणार? घरात कुठल्या भाषेत अंगाई म्हटली जात होती यावरून?

दुसरा भाग मार्थासाठी लिहिलाय असं वाटावं. नागरिकत्व गेलेल्यांना सहा महिन्यांत ते परत मागता येई, निर्णय गृहमंत्रालयाच्या मर्जीवर. पण चेकोस्लोव्हाक नागरिकांच्या बायका आणि अज्ञान मुलं यांनी केलेले अर्ज 'ब्लाहोवोल्ने' पाहावेत, असं कलम सांगतं. म्हणजे सहृदयतेने, सांभाळून घेण्याच्या वृत्तीने. आणि निर्णय होईपर्यंत अर्जदाराला नागरिकच समजावं. हुकूमनाम्याच्या त्या सगळ्या कोरड्या मजकुरात हा एकच शब्द माणसाच्या आवाजात बोलतो. ही सहृदयता नागरिकांच्या बायकांसाठी आहे. नागरिक स्त्रियांच्या नवऱ्यांसाठी असं एक अक्षरही नाही.

या दोन घरांत नेमका इथे फरक पडतो. प्रेम दोन्हीकडे होतं, भाषा दोन्हीकडे दोन होत्या, सहा वर्षांची भीती दोन्ही घरांनी काढली. मार्था वाचण्याची आशा होती, कारण तिचा नवरा चेक. यानाचा नवरा जगता तरी त्याला असा आधार नव्हता, कारण बायको चेक असणं हा गुण मोजला जात नव्हता. १९३८ च्या राइशने आणि १९४५ च्या प्रजासत्ताकाने एकमेकांचं सगळं उलटं केलं, पण घर कोणाच्या नावाने ओळखायचं याबाबत दोघांचं मत एक होतं: पुरुषाच्या.

कलमातली सहृदयता प्रत्यक्षात जिल्ह्याजिल्ह्यात वेगळी दिसली असणार, हेही समजून घ्यायला हवं. हुकूमनामा ऑगस्टमध्ये आला, तोवर हजारो घरं रिकामी झाली होती. अर्ज करायला कचेरी लागते, आणि मेमध्ये मार्थाच्या दारात कचेरी आलेली नव्हती, माणसं आली होती. जानेवारी १९४६ पासून विजेत्या दोस्त राष्ट्रांच्या पोट्सडॅम परिषदेच्या ठरावाप्रमाणे 'सुव्यवस्थित' स्थलांतर सुरू झालं. जर्मनीतल्या अमेरिकी विभागाकडे जाणाऱ्या एका गाडीला ४० डबे, डब्यात ३० माणसं, एका खेपेला १,२०० जीव. वर्षभरात २० लाखांहून जास्त लोक असे गेले.

हेर्झच का

हा चित्रपट कुणी केला याला फार अर्थ आहे. युराय हेर्झ १९३४ मध्ये स्लोव्हाकियातल्या केझमारोकमध्ये ज्यू घरात जन्मले. युद्धाच्या शेवटच्या काळात, जेमतेम दहा वर्षांचे असताना, त्यांना राव्हेन्सब्र्युक आणि साक्सेनहाउझेन या छावण्यांत ठेवलं होतं. या माणसाने पंचाहत्तरीत एका जर्मन गिरणीवाल्याच्या मृत्यूचं दुःख मांडावं, ही गोष्ट मी सहज ओलांडून जाऊ शकत नाही. जर्मनांची बाजू घेतली असा शेरा दुसऱ्या कुणावर सहज मारता आला असता. ज्याच्या बालपणावर ती काटेरी तार उमटलीय त्याला तो लागत नाही.

आणखी एक धागा आहे. हेर्झ यांचा सर्वांत गाजलेला चित्रपट १९६९ चा, 'प्रेतं जाळणारा'. त्यातला कोप्फरकिंगल प्रागच्या स्मशानगृहात नोकरीला आहे. आपल्यात थेंबभर जर्मन रक्त आहे असं त्याला पटवून दिलं जातं. त्याची बायको अर्धी ज्यू असते. बढतीच्या आड येऊ नये म्हणून तो तिला न्हाणीघरात फासावर लटकवतो, मग मुलाला मारतो. चाळीस वर्षांनी तोच दिग्दर्शक पुन्हा अर्ध्या ज्यू बायकोच्या संसाराकडे येतो. या वेळी नवरा खराच जर्मन आहे, आणि तो तिला सोडत नाही. हे दोन नवरे मी मनात शेजारी बसवून पाहतो. रक्ताचा थेंब उसना घेणारा बायकोला मारतो, ज्याच्या अंगात ते सगळं रक्त आहे तो तिच्यापायी सगळं पणाला लावतो.

तरीही चित्रपटाबद्दल माझी एक खरी तक्रार आहे. ऑगस्टला त्याने फार स्वच्छ ठेवलंय. खलनायकीचं सगळं ओझं कोझलोव्स्कीच्या खांद्यावर टाकल्यामुळे साध्या जर्मन शेजाऱ्याचा वाटा धूसर होतो. हेनलाइनला मतं देणारे, चेक शेजारी गाव सोडून पळाले तेव्हा त्यांच्या रिकाम्या घरांकडे पाहणारे, ते कुठे आहेत? १९३८ च्या ऑक्टोबरात रिकामी झालेली चेक घरं आणि १९४५ मध्ये रिकामी झालेली जर्मन घरं कित्येक गावांत एकाच रस्त्यावर होती. पहिली बाजू दोन-तीन प्रसंगांत जरी नीट आली असती तरी दुसरीचं दुःख कमी झालं नसतं, उलट ते जास्त अंगावर आलं असतं. कारेलला मात्र चित्रपटाने तोलून धरलंय. मित्राला वाचवावं की आपल्या माणसांत उभं राहावं, आणि घरात जर्मन बायको. कारेल रोडेन हे सगळं जवळजवळ न बोलता करतात, आणि त्या चेहऱ्यासाठी हा चित्रपट मी पुन्हा पाहीन.

पुढचं

हुकूमनामा १० ऑगस्ट १९४५ ला लागू झाला, तेव्हा अर्जाची मुदत फेब्रुवारी १९४६ मध्ये संपली. २५ ऑक्टोबर १९४५ च्या हुकूमनामा क्रमांक १०८ ने जर्मनांची मालमत्ता जप्त झाली, त्यात हाबरमानांसारख्यांच्या गिरण्याही. साम्यवादी राजवट पडल्यावर १९९१ मध्ये घरं-कारखाने परत देण्याचा कायदा आला, पण त्याने रेघ ओढली २५ फेब्रुवारी १९४८ ला, साम्यवादी सत्तेवर आले त्या दिवशी. त्याआधी गेलेलं त्या कायद्याने परत येत नव्हतं. यानाची मुलगी तेव्हा पन्नाशीची असती.

१९५० च्या जनगणनेत चेक भागात सुमारे १,६०,००० जर्मन उरले होते. काही खाणीत आणि कारखान्यांत हवे होते म्हणून ठेवलेले कुशल कामगार, काही मिश्र घरांतले. एप्रिल १९५३ मध्ये कायदा क्रमांक ३४ आला आणि देशात राहणाऱ्या या जर्मनांना सरसकट नागरिकत्व देऊन टाकलं. अर्ज नको, साक्षीदार नकोत, निष्ठेचा पुरावा नको. मार्था कारेलच्या घरात तोवर टिकून राहिली असती, तर एका सकाळी तिला कळलं असतं की ती पुन्हा या देशाची झाली आहे, आणि या वेळी तिच्या नवऱ्याबद्दल कुणी काही विचारलेलं नाही.